वहाबचा डेक आणि शकुबाईची पांढरी पाच

चंद्रपूरकडच्या मूल गावात, बाजाररस्त्यावर वहाबचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, आणि त्या दुकानात मालक कमी आणि डेक जास्त होता. आत शिरणाऱ्याची नजर आधी डेककडे जायची, मग वहाबकडे. चांदीच्या रंगाचा, जपानी, दोन कॅसेटी शेजारीशेजारी बसतील असा, आणि काचेआड दोन सुया. आवाज आला की सुया उठायच्या, थांबला की आडव्या व्हायच्या. गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीतला एक साहेब बदली होऊन निघाला तेव्हा त्याच्याकडून वहाबनं तो घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून, शेजारच्याला बोटसुद्धा लावू न देता घरी आणला. तेव्हाच डेकचं अर्धं आयुष्य साहेबाकडे गेलेलं होतं. पण वहाबसमोर त्याला जुना म्हणायची कोणाची टाप नव्हती.

लग्न असो, मिलाद असो, भजन असो, मंडईच्या जत्रेतला दंडारीचा खेळ असो, वहाब गोधडी अंथरलेल्या पेटीत डेक घालून आवाज भरायला हजर. आणि एकदा तो आला की यजमान पाहुणा व्हायचा आणि वहाब मालक. पंखा बंद करा, लेकरं बाहेर काढा, त्या म्हाताऱ्याला खोकायचं तर आत्ताच खोकून घेऊ द्या. एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या मामाला बांगड्यांच्या आवाजावरून झापलं होतं. मामाच्या हातात बांगड्या नव्हत्या, मामीच्या होत्या, पण वहाबला तेवढं बघायला सवड कुठे. तरी लोक त्यालाच बोलवायचे, कारण मूलपासून सिंदेवाहीपर्यंत असं यंत्र दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

दुकानात तो सिनेमाची गाणी लावायचा आणि ऐकायला माणसं दारात थबकायची. त्याच्या डेकवर तीच गाणी भारदस्त वाटायची, जरा जड, जरा निवांत. वहाब म्हणायचा, बाजारातले टेप घाईत असतात, हा ठहराववाला आहे. बायको सुलताना आत मशीनवर ब्लाउज शिवत असायची. ती म्हणायची, तुमच्यासारखाच आहे, उठायला वेळ लावतो. घरात दोघांची बोली हिंदी, दारात आलेल्याशी मराठी, आणि थट्टा दोन्हींत.

आल्याच्या दुसऱ्या वर्षी डेकचा बेल्ट तुटला होता. बेल्ट म्हणजे मोटारीचं फिरणं कॅसेटपर्यंत नेणारं रबराचं कडं. तसाच बेल्ट चंद्रपुरातही मिळेना, म्हणून वहाबनं एका मोडक्या टेपमधला काढून बसवला. मोटारीच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. वहाब तो कानानं लावत बसला. लावून झाल्यावर खात्री करायला त्यानं पेटीवाला दसरूभाऊ बोलावला. दसरूभाऊनं पेटी वाजवली, वहाबनं ती डेकवर भरली, लगेच परत लावली, आणि कॅसेटमधल्या पेटीच्या जोडीनं दसरूभाऊनं पुन्हा पेटी वाजवली. सूर असे जुळले की कोणती पेटी खरी ते कळेना. जमलेले लोक वा म्हणाले. वहाबनं सुलतानाची नेलपॉलिश आणून स्क्रूवर थेंब टाकला, पुन्हा कोणी हात लावायला नको म्हणून. तेव्हापासून इतकी वर्षं तो स्क्रू तसाच होता.

आता शकुबाईबद्दल सांगायला हवं. मूलजवळच्याच खेड्यातली बाई. तरुणपणी नाटकात गायची. नवरा गेल्यावर धानाची शेती आणि लेकरं, यात नाटक सुटलं; भजनात मात्र गायची. पन्नाशीला टेकलेली, उंच, सावळी, बोलायला तुटक. पण गाऊ लागली की दसरूभाऊसारखा पेटीवाला खर्रा तोंडात तसाच धरून बसायचा, थुंकायला उठायचा नाही. एका भजनाच्या दुपारी वहाबनं तिची दोन गाणी भरली, दसरूभाऊच्या पेटीवर. आवडली म्हणून डेकवरच त्यांच्या प्रती काढल्या आणि ओळखीपाळखीत वाटल्या.

त्यातली एक कोण्या जीपवाल्याबरोबर ब्रम्हपुरीला गेली आणि तिथल्या पानठेल्यावर गोपालरावांच्या कानावर पडली. गोपालराव वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक, दिग्दर्शक आणि ऑर्गनवाले, तिन्ही खुर्च्यांवर एकटेच बसणारे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि मंडई म्हटली की नाटक. गोपालरावांना त्या हंगामाला गाणारी पाहिजे होती. त्यांच्याकडे हिरोईन उजेडात उभी राहून ओठ हलवायची आणि गाणारी ऑर्गनजवळ अंधारात बसून गायची, त्यामुळे गाणारीचं वय आणि रूप कोणी बघत नव्हतं. आवाज कोवळा पाहिजे, बस. कॅसेटमधला आवाज विशीतल्या पोरीचा वाटत होता. चौकशी केली तर नाव निघालं शकुबाईचं. असते एखादीच्या गळ्याला देणगी, असं म्हणून त्यांनी निरोप धाडला.

निरोप आला त्या दिवशी शकुबाई स्वतः दुकानात आली. बाईच्या चेहऱ्यावर हसू बघायची वहाबला सवय नव्हती, त्याला जरा भीतीच वाटली. तिनं सुलतानाला नवीन ब्लाउज शिवायला टाकला. इतक्या वर्षांनी कोणी आपल्याला गाण्यासाठी बोलावलं, हे तिनं दोनदा सांगितलं. वहाबनं अर्थातच अर्धं श्रेय डेकच्या नावावर जमा केलं.

तालीम वडशाला, दिवसा, एका धानाच्या रिकाम्या गोदामात. शकुबाई बहिणीकडे मुक्कामाला राहिली. आठवडाही पुरता झाला नसेल, ती परत आली. दुकानाच्या पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. वहाबनं काय झालं म्हणून विचारलं. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "वहाबभाऊ, त्या कॅसेटीतल्यावानी मले आता गाता येऊन नाई राह्यलं. गळा गेला माहा."

तिनं सांगितलं ते असं. गोपालराव आधी कॅसेट लावायचे, मग ऑर्गनवर तोच सूर धरायचे आणि म्हणायचे, गा. ती गायला जायची तर अर्ध्या वाटेतच दम संपायचा, वरचा सूर चिरकायचा. गोपालराव पहिल्यांदा म्हणाले, सवय सुटली आहे, मोकळा होईल. हळद झाली, मध झाला, ज्येष्ठमध झालं. गळा काही त्या उंचीला जाईना. स्वतःच्याच कॅसेटसमोर बाई रोज हरत होती. गोपालराव माणूस बरा, रागावले नाहीत, पण काल त्यांनीही मान फिरवली. उद्या जाऊन नाही म्हणून सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. आणि नुसतं नाटकाला नाही. भजनातही आता गायचं नाही. भजन भरलं त्याला काही फार दिवस झाले नव्हते. इतक्या थोड्या दिवसांत गळा असा जात असेल तर जो उरला आहे त्याचं हसं कशाला करायचं.

वहाबनं डेककडे हात नेला, तुमची कॅसेट लावून दाखवतो म्हणाला. "नको लावू," शकुबाई म्हणाली आणि उठून गेली. तयार ब्लाउज सुलतानाच्या हातातच राहिला.

वहाबला चैन पडेना. तो दसरूभाऊकडे गेला. दसरूभाऊ धान कापून आलेला, अंगणात पाय पसरून बसला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, गोपालराव कोणत्या पट्टीत गायला लावतात? गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या सुरावर बसतो ती त्याची पट्टी, एवढं वहाबला माहीत होतं. कॅसेटमध्ये आहे तीच, पांढरी सहा, असं गोपालराव म्हणाल्याचं शकुबाईच्या बोलण्यात आलं होतं. दसरूभाऊ हसला. शकुबाई जन्मभर पांढरी पाचमध्ये गाते, एक पायरी खाली, म्हणाला; आकडा तिला ठाऊक नाही, सूर मी देतो. त्या दिवशी बोट पाचवरच होतं, माझंच होतं.

वहाब म्हणाला, मग गोपालरावांचा टेप बिघडला आहे. त्याला हायसं वाटलं. दसरूभाऊला पेटीसकट दुकानात आणलं, डेकवर कॅसेट लावली. पांढरी पाच. अगदी केसभरही फरक नाही. बघा, म्हणाला. सुलताना हे सगळं मशीनवरून बघत होती. तिनं स्वयंपाकघरातल्या फळीवरचा आपला लहान टेप आणला, पीठ पुसलं आणि तीच कॅसेट त्यात लावली. दसरूभाऊचं बोट पाचवर गेलं, घुटमळलं आणि सहावर जाऊन बसलं. टेपमधून एक पोरगी गात होती, कोवळी, चपळ. वहाब कॅसेट उचलून समोरच्या चहाच्या टपरीवर गेला. तिथेही पोरगीच. शेजारच्या सायकलवाल्याकडेही पोरगीच.

"सारी दुनिया गलत, अन् तुमचा एकटा डेक सही?" सुलतानानं विचारलं.

वहाब चिडला. दसरूभाऊच्या पेटीशी जुळवून घेतलं होतं ना त्या वेळी, सगळ्यांसमोर! सुलतानाचा बाप किराणावाला होता. ती शांतपणे म्हणाली, आपल्याच काट्यावर तोलायचं आणि आपल्याच काट्यावर तपासायचं, जुळेल नाही तर काय होईल. डेक हळू चालत असेल तर भरतानाही हळू आणि ऐकवतानाही हळू. तुमच्याकडे बरोबरच येणार. बाकीच्यांकडे पळणार, आणि पळालं की आवाज चढणार.

आत्ता कुठे वहाबच्या डोक्यात उजेड पडला. इतक्या वर्षांची लग्नं, मिलाद, भजनं, गावोगावच्या घरी गेलेल्या कॅसेटी, सगळ्यांत माणसं घाईनं बोलत होती, बारीक आवाजात गात होती. आणि कोणी तक्रार कशी केली नाही? तर आपला स्वतःचा आवाज टेपवर कोणालाच ओळखू येत नाही. जो तो म्हणायचा, रेकॉर्डिंगमध्ये असंच येत असेल. त्याला इतकी लाज वाटली की दसरूभाऊनं पुढे केलेली खर्र्याची पुडीसुद्धा त्याला दिसली नाही.

खरं सांगायचं तर वहाबच्या मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? गोपालरावांचा टेप खराब आहे म्हटलं की संपलं. दसरूभाऊ आपला माणूस, तो काही बोलायचा नाही. नाव राहील, दुकान राहील. पण पायरीवर बसून जमिनीकडे बघणारी बाई त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिला नुसतं तोंडानं सांगून भागणार नव्हतं. समजूत घालतोय म्हणाली असती. ज्या गोदामात ती आठवडाभर हरली, तिथेच तिला तिचा आवाज ऐकवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं वडशाला निघाली, शकुबाई नाही म्हणून सांगायला आणि वहाब डेक मांडीवर घेऊन. तिला तो एवढंच म्हणाला होता की गोपालरावांकडे माझंही काम आहे. सिंदेवाही, नागभीड, ब्रम्हपुरी मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धानाच्या गंज्या लागलेल्या होत्या.

गोदामात कंपनीची मंडळी बसली होती. वहाबनं कोणाला काही न विचारता डेक मांडला, वायर जोडली. आवाज चढवून बोलायची त्याची रीत, पण त्या दिवशी त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "शकुबाई, तुमचा गळा नाई गेला. माहा डेक हळू चालते. इतक्या वर्षांपासून चालून राह्यला अन् मले मालूम नव्हतं."

आणि त्यानं बटण दाबलं. सुया उठल्या. गोदामात शकुबाईचा आवाज भरला, तिचा, पन्नाशीचा, जाड विणीच्या लुगड्यासारखा. गोपालरावांनी ऑर्गनवर बोट ठेवून बघितलं. पांढरी पाच. त्यांनी आपल्या टेपवर तीच कॅसेट लावली, पांढरी सहा. दोनतीनदा करून बघितलं. मंडळींत कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि वहाबचे कान तापले. शकुबाई हसली नाही. ती भिंतीला टेकली आणि पदर तोंडाशी धरून रडली. आठवडाभर अडकलेलं रडणं होतं ते, आवरायला वेळ लागला.

गोपालराव धंद्याचा माणूस. तेवढ्या वेळात त्यांचं डोकं कुठल्या कुठे पोचलं होतं. म्हणाले, हिरोईन अठरा वर्षांची आहे, तिच्या तोंडी हा जड आवाज शोभायचा नाही, मला पाहिजे तो टेपमधला. "वहाबभाऊ, नाटकातली सहाही गाणी तुमच्या डेकवर भरून द्या. बाईनं आपल्या पट्टीत गावं, आवाज पोरीचाच येईल. मंडईत मी टेप लावीन. बाईले गावोगाव हिंडाचीबी गरज नाई." शिवाय हा डेक म्हणजे जादू आहे, बाकीच्या कंपन्याही तुमच्या दारी येतील, असंही म्हणाले.

काल ज्या खोटीपायी वहाब मेल्याहून मेला झाला होता, ती आज गुण ठरत होती. वडशाच्या सगळ्या कंपन्या, आणि रांगेत उभा एकटा त्याचा डेक! हो म्हणायला त्याचं तोंड उघडलंही होतं. पण गाणारी शकुबाई होती, म्हणून त्यानं तिच्याकडे बघितलं.

ती म्हणाली, टेपमधल्या त्या पोरीला मला एकदा पुरतं ऐकू द्या. गोपालरावांनी टेप लावला. शकुबाईनं मान तिरपी करून, परक्याचं गाणं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "गोड गाते पोरगी. पण तिले दम घ्याले फुरसत नाई. मी जिथी थांबते, तिथी ते पळते. ते मी नाई, गोपालभाऊ. गाईन तं मी माह्याच गळ्यानं गाईन."

गोपालरावांनी पुन्हा एकदा समजावून बघितलं, मग हात जोडले. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. मंडई तोंडावर आली होती आणि हिरोईन अठराचीच होती. त्यांनी दोघांना चहा पाजला. एसटीच्या थांब्यापर्यंत डेकची पेटी त्यांनी स्वतः धरली.

थांब्यावर वहाबला राहवलं नाही. माझ्यामुळे तुमचा हंगाम गेला, म्हणाला. शकुबाई त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली. "मी गाणं सोडून घरी चालली होती, वहाबभाऊ. काम गेलं तं जाऊ दे. गळाच गेला असता तं मी कुठून आणला असता?" मग म्हणाली, तो डेक नीट कर आणि मला पुन्हा भर. कोणाच्याही टेपवर लावलं तरी मीच ऐकू आली पाहिजे.

घरी आल्यावर वहाबनं ब्लेडनं नेलपॉलिश खरवडली. त्याला ठाऊक होतं, एकदा वेग बदलला की आजवर भरलेलं सगळं त्याच्याही डेकवर पळायला लागेल, सगळ्या दुनियेत खरं ऐकवणारी ती एकच जागा होती, तीही जाईल. हातात स्क्रूड्रायव्हर धरून तो बराच वेळ बसला. पण शेवटी फिरवला. ह्या खेपेला दसरूभाऊची पेटी डेकवर भरायची आणि सुलतानाच्या लहान टेपवर ऐकायची, असं दिवसभर चाललं. सुलतानाला आपण जिंकल्याचा आनंद होता, पण तिनं तो वहाबसमोर दाखवला नाही. संध्याकाळी दसरूभाऊ म्हणाला, जमलं.

शकुबाई आली तेव्हा नवीन ब्लाउज घालून आली होती. तीच दोन गाणी, तीच पांढरी पाच. वहाबनं त्या दिवशी कोणावर आवाज चढवला नाही. बाहेर बैलगाडी गेली तिचा खडखडाट भरला गेला, तरी तो गप्प राहिला. गाणं संपलं तशी त्यानं कॅसेट काढली आणि शकुबाई, दसरूभाऊ, सुलताना अशा तिघांना घेऊन समोरच्या टपरीवर गेला. टपरीवाल्याला म्हणाला, हे लाव.

बाजाराचा दिवस होता. बाकड्यांवर खेड्यापाड्यांतली माणसं बसली होती, बहुतेक अनोळखी. टपरीचा तेलकट, एका कानानं अधू टेप कुरकुरला आणि गाऊ लागला. जिथे शकुबाई थांबते तिथे गाणं थांबलं, श्वास घेतला, आणि निवांत पुढे निघालं. कपबश्यांचा आवाज कमी झाला. बाकड्यावरचा एक म्हातारा टपरीवाल्याला विचारू लागला, कोण आहे ही बाई?

टपरीवाल्यालाही माहीत नव्हतं. वहाब सांगायला पुढे झाला होता, पण शकुबाईनं हातानंच त्याला मागे केलं.

"मी आहो," ती म्हणाली.